वाहनाची जाहिरात आणि तिचा श्रोता

वाहनांच्या जाहिरातींचा इतिहास सांगणारे बहुतेक लेखक एक ठरीव सूत्र गृहीत धरून चालतात. आरंभी जाहिरात माहिती देत असे, पुढे ती भावनेला आवाहन करू लागली आणि अखेरीस वस्तू बाजूस राहून केवळ एक राहणी विकली जाऊ लागली, असे हे सूत्र आहे. अमेरिकेपुरते ते बरेचसे खरे मानता येईल. १९२३ साली नेड जॉर्डन याने आपल्या ‘प्लेबॉय’ मोटारीची जी जाहिरात ‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’ या साप्ताहिकात दिली, तीत यंत्राविषयी जवळजवळ अवाक्षर नाही. पश्चिमेकडील मोकळा प्रदेश आणि तेथील एक धीट तरुणी यांच्या वर्णनावरच तिची सारी भिस्त आहे. तथापि हेच सूत्र आपल्याकडे, विशेषतः मराठवाड्यात, लावू गेल्यास ते लागत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ते का लागत नाही, हे पाहावयाचे तर जाहिरात कोणी केली यापेक्षा ती कोणास उद्देशून केली, हा प्रश्न अधिक उपयोगी पडतो. म्हणून या लेखात श्रोता म्हणून परभणी जिल्ह्यातील पाथरी या तालुक्याच्या गावचा रहिवासी समोर ठेविला आहे.

पाथरीचीच निवड का, याचे थोडे स्पष्टीकरण केले पाहिजे. निजामशाहीच्या मूळ पुरुषाचे घराणे पाथरीचे, आणि या गावाच्या मालकीवरून अहमदनगर व वऱ्हाड या दोन शाह्यांत युद्धे झाली, हे इतिहासाच्या अभ्यासकांस ठाऊक आहे. परंतु आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. पाथरीस आगगाडी नाही. जवळचे स्थानक मानवत रोड. कल्याणहून अहिल्यानगर, माजलगाव, पाथरी, मानवत, परभणी, नांदेड असा निर्मलपर्यंत जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६१ हीच या गावाची मुख्य नाडी होय. ऊस, कापूस व सोयाबीन रस्त्यानेच बाहेर पडतात. रुग्ण रस्त्यानेच परभणीस जातो. साईबाबांचे जन्मस्थान म्हणून जे मंदिर दाखविले जाते त्याच्या दर्शनास येणारा भाविकही रस्त्यानेच येतो. हा भाग १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि १९५६ साली द्विभाषिक मुंबई राज्यात आला. मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गास मोटार ही प्रथम प्रतिष्ठेची वस्तू म्हणून परिचित झाली. येथे वाहन आले ते अंतर कापण्याची निकड म्हणून. अशा श्रोत्याच्या कानी जाहिरातीतील कोणता शब्द पडतो आणि कोणता वाऱ्यावर जातो, हे पाहणे बोधप्रद ठरेल.

आपल्या साहित्यशास्त्राने शब्दाच्या तीन शक्ती मानिल्या आहेत: अभिधा, लक्षणा व व्यंजना. जाहिरातीच्या पाश्चात्त्य अभ्यासकांनी जे नंतर मोठ्या आडंबराने सांगितले त्यातील बराचसा भाग या तीन शब्दांत सामावतो. १९५८ साली डेव्हिड ओगिल्वी याने रोल्स-रॉइस गाडीची जाहिरात लिहिली. ताशी ६० मैल वेगाने जाताना गाडीत सर्वांत मोठा आवाज विजेच्या घड्याळाचा येतो, असे तीत म्हटले होते. वाच्यार्थ केवळ आवाजाचा. व्यंग्यार्थ मात्र मालकाच्या ऐश्वर्याचा. पुढच्याच वर्षी फोक्सवागेनच्या जाहिरातीने जवळजवळ कोऱ्या पानावर एक इवलीशी मोटार छापून ‘थिंक स्मॉल’ असे शब्द तळाशी घातले, आणि लहानपणाचा उणेपणाच गुण म्हणून पुढे मांडला. या दोन्ही जाहिराती एका गोष्टीवर विसंबून आहेत: वाचकाजवळ निवड करण्याची मोकळीक आहे. दहा गाड्यांतून एक घ्यावयाची असेल तेथेच व्यंजनेस वाव मिळतो.

आपल्याकडे ही मोकळीक फार उशिरा आली. मुंबईत फोर्ड कंपनीने १९२६ साली आपली शाखा काढली आणि १९२८ साली जनरल मोटर्सने शिवडीस मोटारी जुळविण्यास आरंभ केला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून प्रथम क्रायस्लर कंपनीच्या आणि नंतर फियाटच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. स्वातंत्र्यानंतरच्या औद्योगिक धोरणात केवळ जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांस थारा उरला नाही आणि त्या निघून गेल्या. राहिल्या अॅम्बॅसडर, फियाट आणि स्टँडर्ड अशा मोजक्या गाड्या. परवाना पद्धतीमुळे उत्पादन मर्यादित, मागणी अमर्याद. बजाजच्या स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, हे त्या पिढीतील कोणीही सांगेल.

या काळातील वाहनांच्या जाहिरातींकडे आमचे अभ्यासक सहसा वळत नाहीत, कारण त्या नीरस वाटतात. परंतु त्यांच्या नीरसपणातच त्यांचा अर्थ आहे. जी वस्तू मागूनही मिळत नाही तिची जाहिरात करावयाची कशासाठी? ती विक्रीसाठी नव्हतीच. ती जाहिरात म्हणजे कंपनीने सरकारास, भागधारकांस आणि रांगेत उभ्या असलेल्या ग्राहकास दिलेली एक हजेरी होती: आम्ही आहोत, देशाच्या उभारणीत आमचा हात आहे, धीर धरा. मम्मटाने उपदेशाचे प्रभुसंमित, सुहृत्संमित व कांतासंमित असे जे प्रकार सांगितले, त्यांतील पहिल्याशी या जाहिरातींचा स्वर जुळतो. प्रभू आपल्या सेवकास वस्तूचे वर्णन करून भुलवीत नाही. तो केवळ आपले अस्तित्व जाणवून देतो. पाथरीच्या श्रोत्यास तर एवढेही ऐकू येत नसे. विविध भारतीवर व्यापारी जाहिराती सुरू झाल्या त्या १९६७ साली, मुंबई, पुणे व नागपूर या केंद्रांवरून. दूरदर्शनवर त्या १९७६ पासून दिसू लागल्या, आणि मराठवाड्याच्या तालुक्यांपर्यंत ते चित्र पोचावयास १९८२ नंतरचा प्रक्षेपण केंद्रांचा विस्तार व्हावा लागला.

येथून खरा रंग भरू लागतो. दोन जाहिराती विशेष विचारार्ह आहेत, आणि त्या दोन्ही महाराष्ट्रात तयार झालेल्या वाहनांच्या आहेत. पहिली लूनाची. ह. कृ. फिरोदिया यांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ साली हे पन्नास सी.सी.चे छोटे वाहन बाजारात आणिले. तिचा कारखाना अहमदनगरास होता. पुढे पीयूष पांडे यांनी तिच्यासाठी ‘चल मेरी लूना’ हे शब्द लिहिले. या तीन शब्दांत वाहनाचे एकही वैशिष्ट्य सांगितलेले नाही. पण त्यांतील संबोधन पाहावे. येथे कंपनी ग्राहकाशी बोलत नाही. ग्राहक आपल्या वाहनाशी बोलतो आहे, आणि तेही बैलास अथवा घोड्यास चुचकारावे तसे. भोपळ्यात बसून लेकीच्या घरून परतणाऱ्या म्हातारीची गोष्ट ज्यांनी लहानपणी ऐकली आहे त्यांस हा स्वर परका वाटण्याचे कारण नाही. पोळ्याला बैल आणि दसऱ्याला यंत्र पुजणाऱ्या समाजात वाहन हे निर्जीव नसते, हे त्या जाहिरातीने, बहुधा सहजगत्या, ओळखले. तिची कल्पना पाश्चात्त्य नमुन्यावरून उचललेली नाही, म्हणून ती टिकली.

दुसरी जाहिरात ‘हमारा बजाज’. १९८९ साली लिंटास या संस्थेने, अलेक पदमसी यांच्या नेतृत्वाखाली, ती तयार केली. तिचे स्मरण आज एखाद्या राष्ट्रीय गीताच्या भक्तीने केले जाते, आणि त्यामुळेच तिची चिकित्सा झालेली नाही. ती कोणत्या प्रसंगी निघाली, हे प्रथम लक्षात घ्यावे. १९८४ नंतर जपानी व इटालियन सहकार्याने नवी दुचाकी वाहने येऊ लागली होती. कायनेटिक-होंडास पायाने लाथ मारून सुरू करण्याची गरज नव्हती, हीरो-होंडास तेल अत्यल्प लागे. बजाजची स्कूटर तंत्रदृष्ट्या जुनी झाली होती. तेव्हा यंत्राविषयी बोलणे गैरसोयीचे होते. म्हणून ‘हमारा’ हे सर्वनाम पुढे आले. आपल्या निरनिराळ्या प्रांतांची व धर्मांची माणसे दाखवून स्कूटर ही साऱ्यांची सामाईक मालमत्ता असल्याचा भास तिने निर्माण केला. स्पर्धेतील उणीव देशाभिमानाच्या वस्त्राखाली झाकण्याचे हे कौशल्य होते, यांत संशय नाही. पण केवळ एवढेच म्हणून थांबणे अन्यायाचे होईल. ते सर्वनाम खोटे असते तर लोकांनी ते उचलले नसते. ज्या वस्तूसाठी अनेक वर्षे एकत्र वाट पाहिली ती वस्तू ‘आपली’ वाटणे स्वाभाविक होते. रांगेनेच ते आपलेपण घडविले होते. जाहिरातीने त्यास शब्द दिला.

आता या ‘हमारा’मध्ये पाथरीचा श्रोता कितपत सामावला होता? मराठी वैयाकरण येथे लगेच एक प्रश्न विचारील. हिंदीच्या ‘हम’मध्ये श्रोता धरला आहे की वगळला आहे, हे रूपावरून कळत नाही, मराठीत मात्र ‘आपण’ आणि ‘आम्ही’ असे दोन शब्द आहेत. ‘आपला बजाज’ म्हटल्यास श्रोता आत येतो, ‘आमचा बजाज’ म्हटल्यास तो बाहेर राहतो. जाहिरात मराठीत लिहिली गेली असती तर लेखकास या दोहोंतून एक निवडावेच लागले असते. हिंदीच्या संदिग्धतेने ती अडचण टळली. बजाजचा वाळूज येथील कारखाना १९८५ साली सुरू झाला आणि मराठवाड्यातील खेड्यांतून कित्येक तरुण तेथे कामास गेले. त्या चित्रपटाचा भर मात्र वाहन वापरणाऱ्यांवर आहे, घडविणाऱ्यांवर नाही. आणखी एक गोष्ट त्यात नाही, आणि ती अधिक बोचणारी आहे. आमच्या भागात अनेक घरांत पहिली स्कूटर किंवा मोटारसायकल आली ती लग्नात. १९६१ सालच्या हुंडाप्रतिबंधक कायद्यानंतरही ‘गाडी’ ही बोलणीतील एक ठरलेली बाब राहिली. कोणा बापाने जमीन गहाण टाकून जावयास जे वाहन दिले, ते कोणाचे? त्या ‘हमारा’मध्ये मुलीच्या बापाची भर किती? जाहिरातीने हे सांगावे अशी अपेक्षा कोणी करणार नाही. परंतु समीक्षकाने तरी ते विसरू नये.

हीरो-होंडाच्या ‘फिल इट, शट इट, फर्गेट इट’ या १९८५ नंतरच्या घोषवाक्याचा येथे तुलनेने विचार करावा. तीन आज्ञार्थी क्रियापदे, प्रत्येकी एकाच आघाताची. भाषा इंग्रजी असली तरी आशय शुद्ध अभिधेचा: तेल कमी लागते. आणि ग्रामीण भारत अखेर याच वाक्यामागे गेला. आरंभी सांगितलेले सूत्र येथे मोडते. भावनेचा कळस गाठलेली ‘हमारा बजाज’ ही जाहिरात लोकांच्या स्मरणात राहिली, पण रस्त्यावर राहिली ती कमी तेलाची मोटारसायकल. बजाज कंपनीने स्कूटर बनविणे थांबवीत असल्याचे २००९ साली जाहीर केले. मारुतीच्या जाहिरातींनी हा धडा ओळखला. एकविसाव्या शतकाच्या आरंभीच्या एका जाहिरातीत खेळण्यातली मोटार घरभर फिरविणाऱ्या शीख मुलास वडील थांबावयास सांगतात, तर तो उत्तर देतो की पेट्रोल संपतच नाही. पुढे २०१० च्या सुमारास ‘कितना देती है’ या प्रश्नावर एक मालिकाच बेतली गेली. त्यात थोर थोर यंत्रांची वर्णने ऐकून घेतल्यावर भारतीय ग्राहक एवढाच प्रश्न विचारतो. ही विनोदबुद्धी रसिक आहे, पण तिच्यात शहरी माणसाचे थोडे हसूही आहे. लिटरमागे किलोमीटर मोजणे ही कंजुषी आहे, असे ज्यास वाटते त्याने उसाच्या देयकाची वाट पाहत पंपावर शंभर रुपयांचे तेल घालणाऱ्याचा हिशेब कधी केलेला नसतो. आमच्याकडे यास ‘अॅव्हरेज’ म्हणतात, आणि जुनी गाडी घेतानाही हा शब्द किमतीच्या आधी उच्चारला जातो.

सर्वनामाचा प्रवास मात्र येथे थांबला नाही. २००१ साली बजाजने पल्सर ही मोटारसायकल आणिली आणि तिच्यासाठी ‘डेफिनेटली मेल’ असे शब्द योजिले. ‘हमारा’ म्हणणाऱ्या त्याच कंपनीने बारा वर्षांत कुटुंब, प्रांत, धर्म यांचा सारा गोतावळा खाली उतरवून आसनावर एकटा पुरुष बसविला. त्या शब्दांत अर्थाची खोली शोधणे व्यर्थ आहे. पण एका गोष्टीचे ते अचूक निदर्शक आहेत. १९८९ च्या स्कूटरवर मागे बसणारी स्त्री होती, पुढे उभे राहणारे मूल होते. २००१ नंतरच्या मोटारसायकलचे मागचे आसन उंच व आखूड झाले. यंत्राच्या आकारातच श्रोत्यांची संख्या कमी केली गेली. तालुक्याच्या गावी आजही त्याच आसनावर तीन माणसे आणि खताचे पोते बसते, हा भाग निराळा. वाहन वापरणारा जाहिरातीची आज्ञा पाळतोच असे नाही.

टाटांच्या नॅनोची हकीकत याच संदर्भात वाचावयास हवी. पावसात एका स्कूटरवर चौघांचे कुटुंब जाताना पाहून या गाडीची कल्पना सुचली, असे रतन टाटा सांगत. १० जानेवारी २००८ रोजी ती दाखविण्यात आली. २००९ साली विक्री सुरू झाली. २०१८ नंतर ती बनेनाशी झाली. स्कूटरवरचे कुटुंब हे ज्या काळात अभिमानाचे चित्र होते, त्यानंतर वीस वर्षांच्या आत तेच चित्र कणवेचा विषय झाले. चित्र तेच, रस मात्र बदलला. परंतु ज्याची कणव केली जाते तो ग्राहक होण्यास राजी नसतो. ‘लाखाची गाडी’ हे नाव वृत्तपत्रांनी गाजविले आणि तिच्या मालकाच्या कपाळी स्वस्तपणाचा शिक्का बसला. सर्वांत स्वस्त म्हणून तिची ओळख व्हावी ही चूक झाली, असे पुढे टाटांनीही बोलून दाखविले. फोक्सवागेनने लहानपणास गुण ठरविले ते अशा समाजात, जेथे मोठी गाडी घेणे शक्य असूनही न घेणे हा रुचीचा प्रश्न होता. येथे लहान गाडी घेणाऱ्यास मोठी परवडत नाही हे साऱ्या गल्लीस ठाऊक असते. तेथे व्यंजना कोठून निघणार?

आता या विषयाच्या अशा भागाकडे वळू, की ज्याची नोंद जाहिरातीच्या इतिहासात सापडत नाही. वाहनांना लोकांनी कोणती नावे दिली? ‘गाडी’ हा शब्दच पाहा. दोन पिढ्यांपूर्वी पाथरीच्या परिसरात गाडी म्हणजे बैलगाडी. आज तोच शब्द मोटारसायकलीस लागतो आणि बैलांच्या गाडीस ‘बैलगाडी’ असे विशेषण जोडून सांगावे लागते. ‘टेम्पो’ हे मूळ एका जर्मन कंपनीचे नाव. फिरोदियांच्या बजाज टेम्पोमार्फत ते महाराष्ट्रात आले आणि मालवाहू गाडीचे सामान्यनाम होऊन बसले. कंपनीने २००५ साली स्वतःचे नाव ‘फोर्स मोटर्स’ असे बदलले, पण मराठीने टेम्पो सोडला नाही. जीप, लूना, ट्रॅक्स, जेसीबी ही त्याच वाटेने गेलेली नावे. याच्या उलट दिशेचे उदाहरण ‘छोटा हत्ती’. टाटांनी २००५ साली ‘एस’ नावाचे छोटे मालवाहू वाहन काढले. ‘एस’ म्हणजे पत्त्यांतील एक्का. ही व्यंजना गावोगावच्या चालकांस काडीचीही भावली नाही. त्यांनी त्याचे आखूड अंग आणि ओझे वाहण्याची ताकद पाहून त्यास छोटा हत्ती म्हटले. हे रूपक कोणत्याही जाहिरातसंस्थेच्या रूपकापेक्षा सरस आहे, कारण त्यात आकार, बळ आणि लाडकेपणा एकाच शब्दजोडीत आला आहे. ‘फटफटी’ व ‘काळी-पिवळी’ हीही अशीच नावे: एक आवाजावरून, दुसरे रंगावरून.

मालमोटारींच्या मागे लिहिलेला मजकूर हाही जाहिरातीचाच एक प्रकार मानिला पाहिजे. तेथे विक्रेता नाही. मालक स्वतःची जाहिरात करतो. ‘आई-वडिलांचा आशीर्वाद’, मुलांची नावे, ग्रामदेवता, गावाचे नाव. कर्ज देणाऱ्या संस्थेचेही नाव तेथेच कोठे तरी बारीक अक्षरांत असते. ‘हॉर्न ओके प्लीज’ या शब्दांवर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली बंदी घातली; आशीर्वाद मात्र अबाधित राहिला. ‘हमारा’ या शब्दात जे स्वामित्व सांगितले गेले ते येथे प्रत्यक्ष लिहिलेले आढळते, आणि तेही मराठीत.

भाषेच्या या मुद्द्यावर आमच्या विभागाने थोडे थांबावयास हवे. कुर्ला, आकुर्डी, पिंपरी, चाकण, नाशिक, वाळूज: देशातील वाहनांचा केवढा तरी भाग मराठी मुलुखात बनला. तरीही वाहनाची संस्मरणीय म्हणावी अशी मराठी जाहिरात कोणती, असा प्रश्न केल्यास उत्तर सुचत नाही. दूरचित्रवाणीवरील मराठी आवृत्त्या बहुधा भाषांतरित असतात. त्यांतील ‘अनुभवा’, ‘साकार करा’, ‘सज्ज व्हा’ ही क्रियापदे मराठी माणूस गाडी घेताना कधी उच्चारीत नाही. अस्सल मराठी आढळते ते वृत्तपत्रांतील स्थानिक विक्रेत्यांच्या जाहिरातींत, पाडवा, अक्षय्य तृतीया व दसरा या मुहूर्तांच्या आगेमागे. तेथे मुहूर्त मराठीत, जुनी गाडी बदलून देण्याची सवड मराठीत, हप्ता मराठीत. गाडीचे स्वप्न हिंदी-इंग्रजीत दाखवावयाचे आणि देणे मराठीत समजावून द्यावयाचे, अशी ही वाटणी आहे. ती कोणी कट करून केलेली नाही. जाहिरातसंस्थांची मुख्यालये, दूरचित्रवाणीचा देशव्यापी बाजार आणि विक्रेत्याची गावातील गरज यांतून ती आपोआप झाली. पण तिचा परिणाम भाषेवर होतोच. ज्या भाषेत केवळ व्याजाचा दर सांगितला जातो त्या भाषेविषयी तरुणांच्या मनात कोणती भावना राहील?

कोणी म्हणेल की, पाथरीचा शेतकरी हिंदी उत्तम जाणतो. निजामी राजवटीपासून दखनी त्याच्या कानांवर आहे. मग भाषांतराची तक्रार कशास? हा आक्षेप वजनदार आहे. ‘चल मेरी लूना’ येथे परके वाटले नाही ते याचमुळे. आमची तक्रार हिंदीविषयी नाही. ती आहे श्रोत्याच्या कल्पनेविषयी. लूनाच्या लेखकापुढे वाहनाशी बोलणारा माणूस होता. भाषांतरित मराठीच्या लेखकापुढे केवळ मूळ वाक्य असते.

रोलाँ बार्थ याने १९५७ साली सित्रोएनच्या मोटारीवर लिहिताना तिची तुलना मध्ययुगीन गॉथिक मंदिरांशी केली. त्या लेखाचे दाखले आमचे विद्यार्थी प्रबंधांतून आवर्जून देतात. त्यांनी त्याच आस्थेने मानवत रोड ते माजलगाव या पट्ट्यातील भिंती वाचाव्यात, अशी सूचना करावीशी वाटते. ट्रॅक्टर, दुचाकी, टायर, वंगण, वाहनकर्ज यांच्या रंगविलेल्या जाहिराती नव्या हंगामापूर्वी पुसल्या जाऊन त्यांवर नव्या चढतात, आणि त्यांचा एकही संग्रह नाही. प्रत्येक भिंतीचे छायाचित्र, दिनांक, मजकुराची भाषा, रंगाऱ्याची स्वाक्षरी असल्यास ती, आणि घरमालकास भिंतीचे भाडे मिळाले की केवळ रंग मिळाला, एवढी नोंद एका पदव्युत्तर प्रबंधिकेस पुरेशी आहे. चेतक हे नाव २०१९ साली विजेवर चालणाऱ्या स्कूटरीस पुन्हा दिले गेले. ते नाव या भिंतींवर केव्हा उतरते आणि त्यापुढे कोणते सर्वनाम येते, हेही त्या नोंदीत पाहता येईल.